खोतिणीची शरम

माकडांनी पालवखोल गावाला आणलेला वैताग सांगायला बसलं तर अख्खा दिवस पुरायचा नाही. कैऱ्या धरल्या की ती डोंगरावरून खाली उतरायची. कैरी तोडायची, एक चावा घ्यायचा, फेकून द्यायची आणि पुढची तोडायची. पोट भरायला खाल्लं असतं तर एक वेळ लोकांनी सोसलंही असतं, पण हे म्हणजे पंगतीत शिरून सगळ्यांची पानं उष्टी करण्यातला प्रकार! फटाके वाजवून झाले. वाघाच्या डरकाळीचे भोंगे लावून झाले. शेवटी सौम्य झटका देणारं विजेचं कुंपण आलं, तर माकडं झटका खायची आणि वर आंबाही खायची. टोळीची म्होरकी एक थोराड मादी होती. बागेत अशी शिरायची, जशी काही जमीन हिच्याच बापजाद्यांची. गावाने तिचं नाव खोतीण ठेवलं होतं.

अशा गावात मैथिली घाडी पुण्याहून आली आणि म्हणाली, "मी माकडांना शरम आणते."

हसले की हो सगळे! देवळाच्या सभामंडपात बागायतदारांची बैठक होती. संघाचा अध्यक्ष न्हानू परब तर पोट धरून हसला. "अगो, आमच्या पोरांक शरम येणा नाय, ती माकडांक खंयसून येतली?"

मैथिली हसली नाही. ती याच गावची, विश्राम घाडींची एकुलती एक मुलगी. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत प्राण्यांच्या मेंदूवर काम करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. शहाण्या लोकांच्या परिषदेत बोलणं तिला सोपं जायचं. गावापुढे बोलणं मात्र अवघड. तरी ती उभी राहिली.

"आपल्याला वाटतं, चांगलं-वाईट देवाने शिकवलं, नाहीतर गुरुजींनी छडी मारून. तसं नाहीये. ते त्याहून फार जुनं आहे. माकडाचं पिल्लू आईपासून तुटलं की त्याला एक कळ लागते. मनाची वगैरे नव्हे, खरीखुरी. मेंदूत दुखण्याची जी जागा, तिच्या अगदी शेजारी. ती कळ लागते म्हणून पिल्लू आईला शोधत फिरतं, आणि म्हणून जगतं. पुढे निसर्गाने काय केलं, तीच कळ दुसऱ्या कामाला लावली. टोळीतल्या कुणाला आपण चावलो, कुणाच्या तोंडचं हिसकावलं, तर तो आपल्यापासून तुटणार. आणि टोळीपासून तुटलेलं माकड फार दिवस काढत नाही. म्हणून चावणाऱ्याच्या आतसुद्धा तीच कळ उठते. ज्याला दुखावलं त्याच्याशी जमवून घेतलं की थांबते. आपण यालाच अपराधी वाटणं म्हणतो. मुळात ते आई हरवलेल्या पिल्लाचं रडणं आहे."

"मग आमच्या बागेत धुडगूस घालताना ही कळ खंय जाता?" मागून कुणीतरी विचारलं.

"आपण त्यांच्या टोळीत नाही ना! परक्याचं खाल्ल्याची कळ कुणालाच लागत नाही. माणसालाही नाही."

मग तिने पट्टा दाखवला. बोटभर रुंदीचा, कापडासारखा मऊ. माकडाच्या गळ्यात तो बसवायचा. घशाच्या हालचालीवरून त्याला खाणं कळतं, उपग्रहावरून बागेची हद्द कळते. हद्दीच्या आत खाणं झालं की मानेतल्या एका नसेला तो हलके स्पंद देतो आणि ती जुनी कळ जागी करतो. माकड शांत झालं, काळजाचे ठोके संथ झाले, की पट्टा आपोआप थांबतो. तसं झालं नाही तरी सूर्य मावळेपर्यंत कळ हळूहळू विरून जाते.

"झटक्याचा राग येतो," मैथिली म्हणाली. "राग आला की माकड आणखी माजतं. शरमेचा राग कुणावर काढणार?"

न्हानू परबाने मान डोलावली आणि विश्राम घाडींकडे बघितलं. गावाचं गाऱ्हाणं देवापुढे घालायचा मान घाडींचा. विश्राम उभे राहिले, धोतर सावरलं, आणि त्यांचा तो खणखणीत आवाज मंडपात घुमला.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत. ह्या मुक्या जनावरांक शरम येवंदे, आणि आमच्या झाडार फळ ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्या गावाने साथ दिली. मैथिलीनेही दिली. तिचे आबा तिच्याकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडावरून कौतुक नुसतं ओसंडत होतं. लहानपणापासून त्या नजरेसाठी तिने काय काय केलं नव्हतं!

पिंजरे लावून, भूल देऊन सगळ्या टोळीला पट्टे बसवले. आणि काय आश्चर्य, माकडं खरंच ओशाळली. चार कैऱ्या खाल्ल्या की पाचवी हातात तशीच धरून बसायची, मग टाकून डोंगरावर निघून जायची. गाव खूश. पण आठवडाभरातच न्हानू परबाचा पुण्याला फोन आला. "मैथिली, सांजेक शरम सपता नि सकाळी मंडळी परत हजर! ह्येच्यापरीस फटाके बरे होते."

उपाय मैथिलीला ठाऊक होता. कळ विरण्याची सोय काढून टाकायची, बस्स. पण ती सोय तिने स्वतःच विचार करून ठेवली होती. अशी कळ लागूनच राहिली तर जनावर खंगतं. तिने न्हानूला बघते म्हणून सांगितलं आणि बघितलं नाही. दोन दिवसांनी आबांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते हळूच म्हणाले, "चेडवा, लोक माका हसतत गो. घाड्याच्या चेडवाचो पट्टो एका दिवसाचो, म्हणतत."

एवढंच. जबरदस्ती कुणी केली नाही, धाक कुणी घातला नाही. चहाचा कप बाजूला ठेवून मैथिली संगणकापुढे बसली आणि तिने ती सोय काढून टाकली. जमवून घेतील आपापसात, शांत होतील, असं तिने मनाशी म्हटलं. आता जमवून कुणाशी घ्यायचं होतं? आंबे तर माणसांचे खाल्ले होते. हे तिला त्या वेळी सुचलं नाही असं ती पुढे स्वतःला सांगत असे, पण ते काही खरं नव्हे.

बागा शांत झाल्या. म्हातारी माणसं म्हणाली, असा आंबा झाडावर पिकलेला बघून किती काळ लोटला! संघाने मैथिलीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, तेव्हा विश्राम घाडी पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होते.

त्यानंतर एकदा आबांचा फोन आला तो हसत हसतच. "अगो, तुझी ती खोतीण येडी झाली! रोज दुपारी खळ्यात येता आणि माका ढुंगण दाखयता! माका! घाड्याक!"

"काय?"

"व्हय तर! मी पडवीत बसलंय की ती येता, माझ्याकडे पाठ करून बसता. चप्पल फेकली तरी हलणा नाय. थांब, तुका दाखयतंय."

त्यांनी पाठवलेलं चित्रण मैथिलीने लावलं. घरापुढच्या, शेणाने सारवलेल्या खळ्यात खोतीण बसली होती. पोटाशी पिल्लू. पाठ पडवीकडे, मान खाली. मधूनच खांद्यावरून मागे बघायची, ओठ पटपट हलवायची आणि तशीच पाठमोरी इंचभर मागे सरकायची. आबांची चप्पल आली तेव्हा कुंपणाच्या दगडी गडग्यापर्यंत पळाली. मग परत आली आणि परत तशीच बसली.

मैथिलीचं हसू जागच्या जागी विरलं. दोन माकडं भांडली की चूक केलेलं माकड असंच दुसऱ्यापुढे पाठ करून बसतं. दुसऱ्याने पाठीवरचे केस विंचरले, उवा काढल्या, की झालं, भांडण मिटलं. तिने हे हजारदा बघितलं होतं. खोतिणीची कळ कुणाकडे तरी जाऊ बघत होती, आणि बागेतून तिच्यावर रोज ओरडणारा माणूस एकच होता. त्याची बाग खाल्ली म्हणजे त्यालाच दुखावलं, हा हिशेब तिच्या माकडमेंदूने बरोब्बर केला होता. आबांनी त्या पाठीवर एकदा हात फिरवला असता तर तिची सुटका झाली असती.

हे फोन उचलून सांगायला किती वेळ लागतो? पण आबांना सांगितलं की गावाला कळणार, जो तो माकडाची पाठ खाजवणार, कळ थांबणार आणि टोळी पुन्हा बागेत. मग शाल-श्रीफळाचं काय, आणि त्या पहिल्या रांगेतल्या डोळ्यांचं काय? मोसम संपू दे, तिने ठरवलं. मोसम संपला की सगळे पट्टे काढून टाकू.

"लक्ष देव नुको, आबा," ती फोनवर म्हणाली. "जायत आपोआप."

मोसम संपायच्या आधीच आबांचा पुन्हा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"मैथिली, तू ये गो."

घडलं होतं ते असं. पाठ दाखवूनही समोरचा जुमानत नसेल, तर माकडीण शेवटचा उपाय करते. आपलं तान्हं पिल्लू त्याच्या पुढ्यात ठेवते. बघ, माझं सगळ्यात जपलेलं तुझ्या हाती देते, आता तरी जमवून घे. त्या दुपारी विश्राम घाडी पडवीतल्या बाकड्यावर आडवे झाले होते, डोळा लागला होता. पायावर काहीतरी ऊबदार, वळवळणारं आलं. माणूस झोपेत काय करणार? साप, विंचू, काय मनात आलं असेल ते असेल. त्यांनी दचकून जोरात पाय झाडला. पिल्लू पडवीच्या चिऱ्याच्या खांबावर जाऊन आपटलं.

मैथिली दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली तेव्हा आबा त्याच बाकड्यावर बसले होते. समोर पेज तशीच निवलेली. शेजारची बाई म्हणाली, कालपासून पाणीसुद्धा घोटभरच घेतलंय.

"ती परत इली होती," आबा म्हणाले. "त्याच सांजेक. मेलेलां पोर पोटाशी धरून इली, आणि परत माझ्याकडे पाठ करून बसली. मी मारलंय तिच्या पोराक! माका फाडून खावक व्हया होता तिना. आणि ती माझ्याच पुढ्यात मान खाली घालून बसता. असां कसां गो?"

आता न सांगून चालणार नव्हतं. मैथिलीने पाठ करून बसण्याचा अर्थ सांगितला. ऐकता ऐकता आबांचा चेहरा राखेसारखा झाला.

"म्हणजे ती माझी माफी मागी होती?"

"होय."

"इतके दिवस? आणि मी चपला मारी होतंय?" त्यांनी तिच्याकडे बघितलं. "तुका ह्यां ठावक होतां?"

"नाय," मैथिली म्हणाली. "आत्ताच माझ्या लक्षात इलां."

किती सहज निघून गेलं ते तोंडातून! तिने घाईघाईने फोन काढला. पट्टे बंद करायची सोय त्यातच होती. आबांनी तिचं मनगट धरलं.

"थांब. बंद केलंस तर ती येवची नाय."

"आबा, तिका त्रास होता. क्षणाक्षणाक होता."

"एकदा येवंदे. दुपारी येतली. माका तिच्या पाठीर हात फिरवचो असा. एकदाच, चेडवा. नायतर माका झोप लागाची नाय, मराण येयपर्यंत लागाची नाय."

मैथिलीने फोन खिशात ठेवला. ज्याने पेजेला हात लावला नव्हता त्या बापाकडे बघून तिने तो ठेवला, हे खरं. पण तिकडे डोंगरावर एक आई पिल्लू गेल्याच्या कळेवर आणखी एक कळ घेऊन बसली होती, आणि ती थांबवणं मैथिलीच्या अंगठ्याखाली होतं, हेही तितकंच खरं. सकाळभर तिला एका जागी बसवेना.

दुपारी खोतीण आली. पोटाशी आता काही नव्हतं. ती इतकी वाळली होती की पट्टा गळ्यात सैल झाला होता. खळ्याच्या मधोमध येऊन ती पडवीकडे पाठ करून बसली.

आबा पायरी उतरले. गुडघे धरत धरत तिच्या मागे भुईवर बसले आणि एक हात त्यांनी तिच्या पाठीवर ठेवला. खोतिणीच्या अंगातून एक शहारा गेला. मग तिचे खांदे हळूहळू खाली आले. मैथिलीच्या फोनवर खोतिणीच्या नावापुढचा तांबडा ठिपका हिरवा झाला. पट्टा थांबला होता. खोतीण वळली, आबांचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि त्यांच्या मनगटावरचे पांढरे केस बाजूला करकरून बघायला लागली.

विश्राम घाडी हुंदके देऊन रडले. त्यांच्या बायकोच्या मयताला त्यांना कुणी असं रडताना बघितलं नव्हतं.

"तिना माका माफ केल्यान गो," ते म्हणाले. "केल्यान मगो?"

खोतीण माफ करत नव्हती, ती अजून माफीच मागत होती. हे मैथिलीइतकं कुणाला ठाऊक? पण त्या ओल्या चेहऱ्याकडे बघून ती म्हणाली, "होय, आबा."

"मगे ह्यो पट्टो असोच ऱ्हवांदे." आबांनी डोळे पुसले. त्यांचा आवाज कालपासून पहिल्यांदाच त्यांचा स्वतःचा वाटत होता. "बंद करू नुको. मी तिका रोज आंबो देतलंय. ती रोज येतली. तिकाय बरां, माकाय बरां."

बोलता बोलता त्यांनी पडवीत पसरलेल्या आढीतला एक पिकलेला हापूस घेतला आणि खोतिणीपुढे धरला. तिने हुंगला. उपाशी जीव तो, तिने घेतला आणि खाल्ला. दोन घास गिळले असतील-नसतील, फोनवरचा ठिपका तांबडा झाला. खळंही बागेच्याच हद्दीत होतं, आणि तिथे खाणं झालं होतं. पट्ट्याला दिलेला आंबा आणि चोरलेला आंबा यांतला फरक कुठून कळणार? खोतिणीच्या हातातून कोय गळाली. ती कळवळली, गोल फिरली आणि पुन्हा आबांपुढे पाठ वाकवून बसली. आबांनी डोळे मिटून तिच्या पाठीवर हात फिरवायला सुरुवात केली. त्यांच्या चेहऱ्यावर केवढं समाधान होतं!

हे उद्या होणार, परवा होणार, आबा असेपर्यंत रोज होणार. तिच्या वडिलांसारखा देवमाणूस एका जनावराला रोज आंबा भरवून रोज रडवणार, आणि त्याला वाटणार, आपल्याला क्षमा मिळतेय. मैथिलीने आबांना विचारलं नाही, सांगितलं नाही. खिशातून फोन काढला आणि पट्टा कायमचा बंद केला.

खोतीण स्तब्ध झाली. पाठीवर फिरणाऱ्या हाताखालून तिने सावकाश मान वळवली आणि त्या हाताच्या धन्याकडे बघितलं. या खेपेला ओठ हलले नाहीत. घशातून एक किंकाळी निघाली, अशी की गडग्यापलीकडची कुत्री भुंकायला लागली, आणि तिने आबांच्या हाताचा कडकडून चावा घेतला.

"आबा! हात सोडवा!"

आबांनी हात मागे घेतला नाही. ओठ घट्ट मिटून ते बसून राहिले. खोतिणीने स्वतःच दात सोडले, एका उडीत गडग्यावर गेली आणि तिथून बागेत दिसेनाशी झाली. हातातून रक्त ठिबकत होतं. आबा त्याच्याकडे बघत होते, आणि मघाचं ते समाधान पार पुसून गेलं होतं.

"ह्यां खरां," ते म्हणाले. "मगाशी होतां तां खोटां."

मैथिलीने त्यांना नळाखाली नेलं, साबणाने जखम धुतली. आरोग्य केंद्रात नेऊन इंजेक्शनं द्यावी लागणार होती. पाण्याच्या धारेखाली तो सुरकुतलेला हात धरून ठेवलेला असताना तिला पुढे गप्प बसवेना.

"आबा, माका ठावक होतां," ती म्हणाली. "तुम्ही ती चप्पल मारलात, त्याच दिवशी कळलां होतां. कळ सांजेक थांबायची, ती सोय माझ्या हातान बंद केलंय. लोक तुमका हसतत म्हणालात म्हणान. तुमका आधी सांगलंय असता तर तां पोर जिवंत असतां. माका माफ करा."

आबांनी नळ बंद केला. मग त्यांनी आपला हात तिच्या हातातून काढून घेतला. रागाने नव्हे, पण काढून घेतला.

"माझ्याकडे कित्याक मागतंस?" ते म्हणाले. "माझां काय गेलां? तिका सांग."

बागेत वरच्या फांदीवर खोतीण बसली होती. आंबा तोडत होती, एक चावा घेत होती, फेकून देत होती. खाली उष्ट्या आंब्यांचा सडा पडत होता, आणि तिला हाकलायला कुणी गेलं नाही.

मैथिली झाडाखाली जाऊन उभी राहिली. काय सांगणार होती ती, आणि कोणत्या भाषेत? तरी बराच वेळ मान वर करून उभी होती. खोतिणीने खाली बघितलं नाही. ती खात होती.